त्याला विचार की!

नोटीस पिरियडचे शेवटचे पंधरा दिवस उरले की मॅनेजरला केटीची आठवण होते. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. जाणारा इंजिनियर आणि त्याच्या जागी आलेला इंजिनियर मीटिंग रूममध्ये बसतात, स्क्रीन शेअर होते, रेकॉर्डिंग सुरू होतं. चार वर्षं सांभाळलेलं मॉड्यूल चार बैठकांत दुसऱ्याच्या डोक्यात घालायचं असतं. एक्सेलच्या तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे ‘पूर्ण’ लिहिलं जातं, लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा होतं. महिन्याभरात कधीतरी रात्री दोन वाजता सिस्टीम बंद पडते आणि नवा माणूस जुन्याला व्हॉट्सॲपवर लिहितो, ‘दादा, जागा आहेस का?’

हा दादा पुष्कळदा सोलापूरचा असतो. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलेला, हिंजवडीत कोड लिहिणारा, दिवाळीला गावी आला तरी फोन बाजूला न ठेवणारा. म्हणून या विषयावर सोलापुरात बोलायला हवं. कंपन्या ज्ञान सांभाळण्याच्या नावाखाली फाइली सांभाळतात आणि माणसं घालवतात. या गोष्टीचा अभ्यास चार दशकं चालू आहे, निष्कर्ष समोर आहेत. तरी आपल्या इंजिनियरिंग कॉलेजांत पोरांना नेमकं उलटं वळण लावलं जातं.

डेन्मार्कच्या पीटर नाउर यांनी १९८५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. नाउर मूळचे खगोलशास्त्रज्ञ. पुढे संगणकाकडे वळले आणि २००५ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं. निबंधात त्यांनी एका कंपायलरची, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामची, हकीकत सांगितली आहे. एका गटानं तो कंपायलर लिहिला, तो उत्तम चालला. दुसऱ्या गटाला त्यात थोडी भर घालून तो वेगळ्या संगणकावर न्यायचा होता. पहिल्या गटानं काहीही हातचं राखलं नाही. संपूर्ण कोड दिला, सविस्तर कागदपत्रं दिली, वर सल्ल्यालाही हजर राहिला. तरी दुसऱ्या गटानं सुचवलेले महत्त्वाचे बदल म्हणजे मूळ रचनेवर लावलेली ठिगळं निघाली. जी सोय त्या रचनेत आधीच होती, जिच्यावर कागदपत्रांत पानंच्या पानं लिहिलेली होती, ती त्यांना दिसलीच नाही. पहिल्या गटातल्या माणसांना मात्र चूक एका नजरेत कळत होती आणि सोपा उपायही तिथल्या तिथे सुचत होता. पुढे कंपायलर इतरांच्या हाती गेला. दहाएक वर्षांनी पहिल्या गटातल्या एकाला त्याची माहिती मिळाली तेव्हा मूळची रचना ओळखू येत होती, पण वर चढलेल्या भरताडामुळे तिचा काही उपयोग उरला नव्हता.

त्यावरून नाउर यांनी काढलेला निष्कर्ष कुठल्याही मॅनेजरला न आवडणारा आहे. कोड आणि कागदपत्रं हा मुख्य माल नाहीच. प्रोग्राम लिहिताना लिहिणाऱ्याच्या डोक्यात जी समज तयार होते, हे असं का आहे, दुसरं काही का चाललं नसतं, उद्या बदल आला तर हात कुठे घालायचा, ती समज हा खरा माल. ती समज असलेला गट पांगला की प्रोग्राम चालू असूनही मेलेला असतो. नुसत्या कागदांवरून ही समज पुन्हा उभी करता येत नाही, असं नाउर यांनी स्वच्छ लिहून ठेवलं आहे. चार बैठकांच्या केटीचा निकाल तिथेच लागलेला आहे.

आपल्या घरचं उदाहरण बघा. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली आणि दोन वर्षांत बंगळुरूला गेली. ज्ञान सांभाळण्याचा विचार भारतात सर्वांत मनापासून ज्यांनी केला त्यांत ही कंपनी येते, हे आधीच सांगतो. एकदा शिकायचं आणि सगळीकडे वापरायचं, असं तिचं धोरण. एका प्रकल्पात शिकलेलं दुसऱ्याच्या कामी यावं म्हणून कंपनीनं एक मोठं अंतर्गत दालन उभं केलं. लोकांनी त्यात लिहावं म्हणून २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत गुणांची योजना आणली. लेख दिला की गुण, दुसऱ्याचा लेख तपासला की गुण, आणि गुण साठले की त्यांच्या बदल्यात बक्षीस. पुढे काय झालं ते रघु गरुड आणि अरुण कुमारस्वामी यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. लेखांचा पूर आला. तपासणारे थकले. कामाचं नेमकं शोधणं अवघड झालं. मित्रांच्या लेखांना भरघोस गुण देणं सुरू झालं. काल शेजारच्याला सहज सांगितलं जाणारं आज गुणांच्या हिशेबात मोजलं जाऊ लागलं. कंपनीला हे दिसलं आणि तिनं नियम बदलले. वाचणाऱ्याला उपयोग किती झाला, यावर भर दिला. चूक ओळखून मागे फिरणं हा मोठेपणा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण इतका अनुभव जगापुढे असताना आजही नवी कंपनी नवं दालन विकत घेते, त्यावर ‘महिन्याचा सर्वोत्तम योगदानकर्ता’ लावते आणि ज्ञानाचा बंदोबस्त झाला म्हणून निश्चिंत होते. कुणी किती पानं चढवली हे मोजणं सोपं असतं, म्हणून तेच मोजलं जातं.

अडलेला इंजिनियर प्रत्यक्षात काय करतो? मायक्रोसॉफ्टमध्ये २००६ आणि २००७ साली यावर दोन चांगले अभ्यास झाले. पहिल्यात दिसलं की प्रोग्रामर कोडचं चित्र स्वतःच्या डोक्यात जपण्यासाठी आटापिटा करतात, डिझाईनच्या कागदांच्या वाट्याला फारसे जात नाहीत आणि अडलं की सहकाऱ्याकडे जातात. दुसऱ्या अभ्यासात संशोधक १७ प्रोग्रामरांच्या शेजारी बसले, एकेकाचं काम बघितलं, कुठे काय अडतं ते टिपलं. माहितीसाठी सर्वाधिक धाव सहकाऱ्याकडेच होती. ‘हा कोड असा का लिहिला?’ हा प्रश्न आला की काम तिथेच थांबायचं, कारण उत्तर एखाद्याच माणसाकडे असायचं आणि तो माणूस जागेवर नसायचा. सोलापुरात हा निष्कर्ष तीन शब्दांत सांगतात: त्याला विचार की!

आणि तो नसला तर? संशोधकांनी याचंही मोजमाप केलं आहे. किती माणसं एकाएकी गेली तर प्रकल्प ठप्प होईल, त्या आकड्याला ट्रक फॅक्टर म्हणतात. २०१६ साली गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या १३३ लोकप्रिय प्रकल्पांचा हिशेब मांडला गेला. त्यांपैकी ६५ टक्के प्रकल्पांत हा आकडा दोन किंवा त्याहून कमी निघाला. जगभर वापरात असलेलं सॉफ्टवेअर, आणि त्याची समज दोन डोक्यांत! अशा डोक्यांना आपल्याकडे ‘रिसोर्स’ म्हणतात आणि तिमाहीचे आकडे घसरले की आधी त्यांचीच यादी निघते.

सोलापूरला यातलं काहीही नवीन वाटू नये. या गावानं ज्ञान जाताना डोळ्यांनी पाहिलं आहे.

१८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्ड यांनी भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग आणला. पुठ्ठ्यात भोक असलं की ताण्याचा धागा उचलायचा, नसलं की नाही. चार्ल्स बॅबेज यांनी हीच पुठ्ठ्यांची कल्पना आपल्या गणनयंत्रासाठी घेतली आणि संगणकाच्या इतिहासात जकार्ड यांचं नाव कायमचं आलं. सोलापुरी चादरीवरची नक्षी याच जकार्डावर उतरते. आधी आलेख कागदाच्या चौकटींत नक्षी, मग पुठ्ठ्यांवर भोकं, मग पुठ्ठ्यांची माळ मागावर. म्हणजे प्रोग्राम लिहून ठेवण्याचं काम इथल्या पूर्व भागात कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

पुठ्ठ्यावर काय लिहिलेलं असतं? कुठला धागा कधी उचलायचा, तेवढंच. एप्रिलच्या कोरड्या हवेत सूत तुटायला लागलं की भीमाचा, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळाचा, ताण किती सैल करायचा, हे त्यावर नसतं. नक्षी काठाजवळ दोन धागे सरकवून का घेतली, हे नसतं. मागाचा आवाज बदलला की आधी कुठे हात घालायचा, हे तर नसतंच. ते विणकराला माहीत, मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरला माहीत. पद्मशाली विणकरांच्या घरांत ते तेलुगूत सांगितलं गेलं, मागाशेजारी उभं राहून, पोरानं चूक केली की त्याच क्षणी. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा यंत्रांचा लिलाव झाला, जमिनींवर दावे पडले. जॉबरच्या डोक्यातल्या ज्ञानाची नोंद कुठल्या यादीत झाली? चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे. त्यानं सोलापुरी हे नाव वाचलं. मागावरचं कसब वाचवायला मानांकनाचे कागद पुरणार नाहीत, त्यासाठी शिकणारा पोरगा विणकराशेजारी उभा असावा लागतो.

ज्या गावानं हे भोगलं, त्या गावातून दरवर्षी शेकडो इंजिनियर बाहेर पडतात. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ सालची. त्यानंतर आणखी कॉलेजं आली. २००४ साली जिल्ह्याचं स्वतंत्र विद्यापीठ झालं, आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं ओळखलं जातं. एवढी सामग्री हाताशी असताना आपण पोरांना काय शिकवतो? महाराष्ट्रातल्या कुठल्याही इंजिनियरिंग कॉलेजातला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बघा. चार जणांचा गट. विषय नवा हवा, अशी सक्ती. वर्षभर, खरं तर शेवटचे दोन महिने, धावपळ. जाड बांधणीचा अहवाल, सोनेरी अक्षरं, बाहेरच्या परीक्षकापुढे अर्धा तास. मग अहवाल कपाटात आणि कोड कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवर. पुढची बॅच पुन्हा शून्यापासून सुरू. हजेरीची प्रणाली, ग्रंथालयाची प्रणाली, वसतिगृहाची प्रणाली दरवर्षी नव्यानं बांधायची आणि दरवर्षी टाकून द्यायची.

नोकरीत पाऊल ठेवल्यापासून त्या मुलाला काय करावं लागतं? दुसऱ्यानं लिहिलेला, दहा वर्षं जुना, अर्ध्या टिपणांचा कोड समजून घ्यावा लागतो. ज्या कौशल्यावर पुढची वीस वर्षं पोट भरायचं, ते कॉलेजात त्याला एक दिवसही शिकायला मिळत नाही. ही पोरांशी केलेली बेइमानी आहे, आणि ती थांबवायला सरकारचा निधी लागत नाही. विभागप्रमुखानं एक ओळ लिहावी: या वर्षी नवा प्रोजेक्ट नाही, गेल्या बॅचचाच पुढे न्यायचा. गेली बॅच अजून फोनवर सापडते. तिला विचारा, तिच्याशी भांडा, हे असं का केलंस म्हणून कान धरा. प्रत्येक मोठ्या निर्णयामागचं कारण पाच ओळींत लिहून कोडच्याच शेजारी ठेवा; मायकेल नायगार्ड यांनी २०११ साली सुचवलेली ही साधी पद्धत जगभरचे गट वापरतात. तीन बॅचेसच्या हातून गेलेला प्रोजेक्ट कसा दिसतो, हे ज्या पोरानं पाहिलं त्याला नाउर वेगळे शिकवावे लागणार नाहीत.

आणि त्या पाच ओळी मराठीत लिहू द्या. सोलापूरची दोन पोरं चहाच्या टपरीवर एकमेकांना बग समजावतात ते ऐका. नेमकं, तपशीलवार, कारणांसकट बोलतात. तीच पोरं परत जागेवर जाऊन इंग्रजीत टिपण लिहितात, आणि त्यात दोन कोरडी वाक्यं उरतात. समज टपरीवरच राहते. भारतातल्या सॉफ्टवेअर गटांत ज्ञान कुठल्या भाषेत तयार होतं आणि कुठल्या भाषेत साठवलं जातं, या प्रश्नावर एक चांगला प्रबंध सोलापूर विद्यापीठातून यावा, असं मला तळमळीनं वाटतं. अच्युत गोडबोले याच गावात वाढले, आयआयटीतून केमिकल इंजिनियर झाले, त्यांनी मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या चालवल्या, ऑपरेटिंग सिस्टिम्सवर इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिलं आणि त्यानंतर मराठीत पुस्तकांची रांग लावली. या विषयांवर मराठीत नेमकं लिहिता येत नाही, हे कारण सोलापुरात तरी कुणी सांगू नये.

प्रबंधाचा विषय निघालाच आहे तर संशोधकांनाही विचारलं पाहिजे. ब्यॉर्नसन आणि डिंगसॉयर या नॉर्वेच्या दोघांनी २००८ साली सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या ज्ञान-व्यवस्थापनावर तोवर जे लिहिलं गेलं ते चाळून काढलं. ७६२ लेख हाती आले. उद्योगात प्रत्यक्ष जाऊन केलेली कामं त्यांत ६८ निघाली, आणि त्यांतही खरं संशोधन म्हणावं अशी २९. बाकी ३९ अनुभवकथनं. आपल्याकडे चित्र काय आहे? गूगल फॉर्म तयार करायचा, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकायचा, ‘तुमच्या संस्थेत ज्ञानाची देवाणघेवाण होते का?’ या प्रश्नावर ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत टिकमार्क गोळा करायचे आणि सरासरी काढायची. कचेरीत बसून एचआरच्या धाकात भरलेल्या फॉर्मातून काय कळणार? मायक्रोसॉफ्टमधले संशोधक शेजारी बसले होते, म्हणून त्यांना काम थांबताना दिसलं.

शेजारी बसण्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जपानचं आहे. ऐंशीच्या दशकात मात्सुशिता कंपनी घरगुती पाव बनवण्याचं यंत्र करत होती. पाव बाहेरून करपायचा, आतून कच्चा राहायचा. यंत्रानं मळलेल्या आणि बेकरनं मळलेल्या कणकेचे क्ष-किरण फोटो काढले, तरी उलगडा होईना. तेव्हा इकुको तनाका ही सॉफ्टवेअर तयार करणारी बाई ओसाकाच्या एका हॉटेलातल्या मुख्य बेकरकडे शिकायला गेली. तिला दिसलं की तो कणीक ताणताना पिळतोही. त्याप्रमाणे यंत्रात आतून फासळ्यांसारख्या कडा बसवल्या आणि पाव जमला. इकुजिरो नोनाका यांनी १९९१ साली ही गोष्ट लिहिली आणि ज्ञान-व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात ती सांगितली जाते. वर्ग ऐकतो, परीक्षेत लिहितो, आणि प्रबंधाच्या वेळी पुन्हा गूगल फॉर्म उघडतो.

आमच्या जिल्ह्यात बसायला जागा कमी नाहीत. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत, आणि कारखान्यात ईडीपी, म्हणजे संगणकाचा, विभाग असतो. ऊस नोंद, तोडणी प्रोग्राम, काटा, उतारा, तोडणी-वाहतुकीची बिलं, सोसायटीची कपात, सगळं तिथून चालतं. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात छापलेलं आहे; ते कुणीही वाचून कोडमध्ये घालील. पण समजा, गेटकेनच्या, म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरून आलेल्या, उसासाठी प्रोग्राममध्ये एक जादा अट आहे. किंवा आडसाली लागणीची तारीख एका गटापुरती वेगळी धरली आहे. किंवा एका तोडणी मुकादमाच्या ॲडव्हान्सची कपात दोन हप्त्यांत होते, बाकीच्यांची एका. का? ते शेती विभागातल्या जुन्या माणसाला माहीत असतं, काट्यावरच्याला माहीत असतं, आणि प्रोग्राम लिहून देणाऱ्या गावातल्याच एखाद्या छोट्या व्यावसायिकाला. उद्या हा प्रोग्राम बदलून मोठ्या कंपनीचं पॅकेज आणलं तर ती अट एक तर आंधळेपणानं नव्यात जाईल, नाही तर गळून पडेल. दोन्ही वेळी शेतकऱ्याच्या बिलात फरक पडेल आणि खिडकीवरच्या कारकुनाला उत्तर देता येणार नाही.

आता कोड लिहून देणारी यंत्रंही आली आहेत. ती झपाट्यानं लिहितात आणि मला त्यांचं कौतुक आहे. त्यांनी लिहिलेल्या कोडची समज मात्र कुणाच्याच डोक्यात तयार झालेली नसते. ‘त्याला विचार की’ म्हणावं तर तो कोण? काट्यावरच्या माणसाशी बोलल्याशिवाय ती जादा अट यंत्रालाही कळणार नाही, आणि बोलायला कुणाला तरी जावंच लागेल.

संगणकाच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी जावं. एप्रिलपर्यंत हंगाम आटोपतो. पुढचा सुरू होईपर्यंत ईडीपी विभाग नवे दर, नवे वाहतूक करार, नव्या कपाती प्रोग्राममध्ये बसवत असतो. कॉलेजच्या परीक्षाही त्याच सुमारास संपतात, सुट्टीच्या इंटर्नशिपसाठी मुलं वणवण करत असतात. पुण्यातल्या अनोळखी कंपनीचं प्रमाणपत्र विकत घेण्यापेक्षा दोघादोघांनी एकेका कारखान्यात सहा आठवडे बसावं. सुरुवातीला कोडला हात लावू नये. एकेका अटीवर बोट ठेवून विचारावं, हिचं कारण कुणाला माहीत आहे? जे नाव पुढे येईल ते वहीत लिहावं, आणि त्यासमोर त्या माणसाच्या निवृत्तीची तारीख. ज्याची तारीख सर्वांत जवळ, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बसावं.